वाचकांचे प्रश्न : बेताच्या पैशांतला रेडिओ कोणता?

मॉडेल विमानांच्या रेडिओविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक विदर्भातील गावांमधून आली. ज्या पत्रांतले प्रश्न इतर वाचकांनाही पडत असतील, अशी चार पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील (जि. वर्धा) एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सातवी-आठवीच्या मुलांनी सनबोर्ड आणि थर्माकोल वापरून साधारण मीटरभर पंखांचे एक विमान तयार केले आहे. मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा भाग) आणि सर्वो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी) नागपूरहून आणले. रेडिओसाठी वर्गणीचे सहा हजार रुपये शिल्लक आहेत. दुकानदाराने तीन ट्रान्समीटर (हातात धरायचे रेडिओ) सुचवले : फ्लायस्कायचा सीटी६बी, त्याच कंपनीचा आय६ आणि रेडिओमास्टरचा पॉकेट. आम्हाला चारच चॅनेल (स्वतंत्र नियंत्रणे) लागतात. सर्वांत स्वस्त घेतला तर चालेल का?

उत्तर : सर, विमान आधी आणि रेडिओ मागून, असाच क्रम बहुतेकांचा असतो, त्यामुळे उरलेल्या पैशांत रेडिओ बसवण्याची ओढाताण होते. खरे तर पैशांची वाटणी उलट हवी. शिकण्याच्या काळात विमान पडणारच. थर्माकोलचा पंख चिकटवला की पुन्हा उडतो, प्रोपेलर तर चार-सहा जास्तीचेच आणून ठेवावे लागतात आणि स्वस्त सर्वोचे दाते एखाद्या आपटण्यात जातात. ट्रान्समीटर मात्र जमिनीवर, आपल्या हातात असतो आणि नीट सांभाळला तर अनेक विमानांना पुरतो. शेतकरी ट्रॅक्टर एकदा घेतो आणि त्याच्यामागे कधी नांगर, कधी वखर, कधी पेरणीयंत्र जोडतो, तसेच हे आहे. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न असा विचारावा की, या ट्रान्समीटरला जुळणारा रिसीव्हर (विमानात बसणारा, संकेत घेणारा भाग) सुटा मिळतो का आणि केवढ्याला मिळतो. खोक्यावरच्या किमतीकडे त्यानंतर पाहावे, कारण दुसऱ्या विमानाच्या वेळी आपल्याला बहुधा फक्त रिसीव्हरच घ्यावा लागणार आहे.

सीटी६बी याच कसोटीवर मागे पडतो. तो वाईट आहे असे नाही, त्यावर पुष्कळ जण उडवायला शिकले. परंतु त्याला पडदा नाही. एखादा सर्वो उलटा फिरत असेल, एलेव्हॉनचे मिश्रण (शेपटी नसलेल्या विमानासाठी दोन नियंत्रणे एकाच झडपेवर) लावायचे असेल किंवा दांडीची हालचाल थोडी मवाळ करायची असेल, तर केबल लावून संगणकावरूनच ते करावे लागते. वावरात उभे असताना डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) उलटा जातो आहे हे लक्षात आले, तर लॅपटॉप जवळ असेपर्यंत विमान जमिनीवरच राहते. त्याला पेन्सिल सेल आठ लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो फ्लायस्कायच्या पहिल्या पिढीच्या पद्धतीवर चालतो, त्यामुळे कंपनीचे नव्या पिढीचे रिसीव्हर त्याच्याशी बाइंड होत नाहीत, म्हणजे जोडले जात नाहीत. एकच कंपनी असून नवा रिसीव्हर जुन्या ट्रान्समीटरला चालत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

आपल्या शाळेसाठी माझे मत आय६ च्या बाजूने आहे. पडदा आहे, वीस विमानांची मांडणी लक्षात ठेवण्याची सोय आहे, ड्युअल रेट आणि एक्स्पो (दांडीची हालचाल मवाळ करण्याच्या सोयी), एलेव्हॉन, व्ही-शेपटी हे सगळे आतच आहे आणि चारच पेन्सिल सेल लागतात. घेताना सोबत कोणता रिसीव्हर आहे ते मात्र डोळ्यांनी पाहावे. आयए६ आणि आयए६बी दिसायला आणि नावाला जवळचे आहेत, पण आयबस जोडणीची (सगळे चॅनेल एकाच तारेवरून पाठवण्याची) सोय ‘बी’ मध्ये आहे. थोडा फरक पडला तरी ‘बी’ घ्यावा, कारण उद्या एखादा मुलगा फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण स्थिर ठेवणारा छोटा संगणक) लावलेले ड्रोन करू म्हणाला, तर तोच रिसीव्हर कामी येतो. सहा हजारांत हा संच बसायला हवा आणि थोडे पैसे सेलसाठीही उरायला हवेत.

चार चॅनेल पुरतील का, असे आपण विचारले आहे. एलेरॉन, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी झडप), थ्रॉटल (मोटारीचा वेग) आणि रडर (नाक डावे-उजवे करणारी झडप) एवढ्यावर विमान उडते हे खरेच, किंबहुना पहिल्या शिकाऊ विमानाला एलेरॉनविना तीनच पुरतात. पण दोन्ही पंखांचे एलेरॉन वेगवेगळ्या चॅनेलवर घेऊन तेच फ्लॅपसारखे उतरवायचे म्हटले की पाचवा लागतो. सहा चॅनेल असावेत. त्यापुढचे आकडे शाळेच्या उपयोगाचे नाहीत.

रेडिओमास्टर पॉकेट हा आजच्या घडीला या किमतीच्या आसपासचा फार चांगला ट्रान्समीटर आहे, हे मान्य करूनही मी तो आपल्याला सुचवत नाही. त्याच्या दांड्यांत हॉल सेन्सर आहेत, त्यामुळे आय६ मधल्या घासून चालणाऱ्या पोटेन्शिओमीटरसारखी त्यांची झीज होत नाही. त्यावरची एजटीएक्स ही प्रणाली मुक्त स्रोताची आहे आणि तिच्यात करता येत नाही असे थोडेच आहे. अडचण रिसीव्हरची आहे. पॉकेट वापरतो त्या एक्सप्रेसएलआरएस पद्धतीचे जे छोटे रिसीव्हर सगळीकडे मिळतात, ते फ्लाइट कंट्रोलरला जोडण्यासाठी केलेले असतात, त्यांना सर्वोच्या पिना नसतात. विमानासाठी पीडब्ल्यूएम (प्रत्येक सर्वोसाठी वेगळ्या पिना) असलेला रिसीव्हर मागून घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. पॉकेटला १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल लागतात आणि ते सोबत येत नाहीत, म्हणजे सहा हजारांचा आकडा मागेच राहतो. पॉकेटचा सीसी२५०० ही रेडिओ चिप असलेला दुसरा प्रकारही दुकानात दिसेल, पण त्यावर फ्लायस्कायचे रिसीव्हर चालत नाहीत, कारण त्यांची रेडिओ चिप वेगळी असते. एखाद्या विद्यार्थ्याला पुढे रेसिंग ड्रोनकडेच वळायचे असेल, तर त्याने स्वतःसाठी पॉकेट जरूर घ्यावा.

घेताना ‘मोड २’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे थ्रॉटल डाव्या दांडीवर येतो. आपल्याकडे बहुतेक जण हाच वापरतात, त्यामुळे कोणी शिकवायला आले तर त्यांचा हात बसलेला असतो.

आय६ हाताळताना नवशिक्याला दोन गोष्टी चकवतात. सुरू करताना दोन्ही बटणे एकदम दाबून धरावी लागतात आणि थ्रॉटल खाली व सगळे स्विच वर नसतील, तर पडदा पुढे सरकतच नाही. मेनूत केलेला बदल जपून ठेवायचा असेल तर ‘कॅन्सल’चे बटण थोडा वेळ दाबून धरायचे असते. नुसते टिचकीसारखे दाबले की बदल पुसला जातो आणि मुले ‘सर, मी तर केले होते’ म्हणत बसतात. मेनू इंग्रजीतच आहे. त्याचा मराठी तक्ता मुलांकडूनच करवून घेऊन वर्गात लावला, तर कामही सोपे होईल.

पेन्सिल सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे घ्यावेत. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल यात घालू नयेत. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ट्रान्समीटर टिनाच्या खोलीत किंवा उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. विमानाची लिथियम-पॉलिमर बॅटरी तर ४५ अंशांच्या वरच्या तापमानात चार्जच करायची नसते, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी सावलीतही तेवढे तापमान असू शकते. उडवण्याची वेळ पहाटेची ठेवावी. गहू-हरभरा निघाल्यावर मोकळ्या वावरात जागा भरपूर मिळते, फक्त पऱ्हाटीचे खुंट अजून उभे असलेले वावर उतरण्यासाठी निवडू नये, कारण फोमचे पोट त्यावर चिरते.

जागा निवडताना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशात आपले गाव हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावे. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंतची उंची मोकळी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दोन किलोपर्यंतचे यान व्यवसायासाठी वापरत नसाल, तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार आहे. सहलीला म्हणूनही विमान त्या बाजूला नेऊ नये.

प्रश्न : पुसदजवळच्या (जि. यवतमाळ) आमच्या गावात मोकळी जागा खूप आहे, म्हणून मला लांब पल्ल्याचा रेडिओ हवा आहे. एका मित्राकडे परदेशातून आणलेला ७२ मेगाहर्ट्झचा जुना चार चॅनेलचा सेट आहे, तो दीड हजारांत देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, ९०० मेगाहर्ट्झचा एक्सप्रेसएलआरएस घे, किलोमीटरांनी पल्ला मिळतो. शिवाय आमच्या वावराच्या धुऱ्याला मोबाइलचा टॉवर आहे, त्याचा त्रास होईल का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे आणि आजचे बहुतेक सगळे मॉडेल रेडिओ याच पट्ट्यात चालतात. ७२ मेगाहर्ट्झ ही अमेरिकेतील मॉडेल विमानांसाठी राखलेली वारंवारता आहे, आपल्याकडे ती तशी मोकळी नाही. त्या काळच्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला जोडीचे क्रिस्टल असत आणि मैदानावर दुसऱ्या कोणी त्याच क्रिस्टलचा ट्रान्समीटर सुरू केला की दोन्ही विमाने खाली येत. म्हणून क्लबांमध्ये वारंवारतांचा फळा असे आणि आपल्या क्रमांकाचा चिमटा हाती आल्याशिवाय कोणी स्विच लावत नसे. आताचे रेडिओ सेकंदात अनेकदा वारंवारता बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त आपल्याशी बाइंड झालेल्या ट्रान्समीटरचेच ऐकतो, त्यामुळे ही सगळी भानगड संपली. जुना सेट कपाटात शोभेचा आहे, तो दीड हजारांत घेणे मात्र महाग पडेल.

९०० मेगाहर्ट्झच्या बाबतीत कायद्याचीच अडचण आहे. त्या जातीचे जे उपकरण ९१५ मेगाहर्ट्झसाठी बनवलेले असते, ते अमेरिकेच्या पट्ट्याचे आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा भाग परवानामुक्त आहे, तर ८९० ते ९१५ आणि ९३५ ते ९६० हे मोबाइल सेवेचे पट्टे आहेत. बाहेरून मागवलेल्या खोक्यावर ९१५ लिहिलेले असेल तर ते परत करावे.

आणि पल्ला हवा कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. मीटरभर पंखाचे विमान तीनशे मीटरच्या पुढे गेले की ते आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून जाते आहे, हेच डोळ्याला उमगत नाही. आय६ सारखा साधा रेडिओही मोकळ्या जागेत याहून लांब पोहोचतो. म्हणजे आधी नजर संपते, रेडिओ नंतर. नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असल्यामुळे जास्तीच्या पल्ल्याला जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यावरून दूर उडवण्याचा बेत मनात असेल, तर तो विषय आणि त्याची परवानगी दोन्ही वेगळी आहेत.

टॉवरविषयीची आपली शंका मात्र रास्त आहे. ४जी सेवेसाठी २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरला जातो आणि तो आपल्या २.४ गिगाहर्ट्झला अगदी लागून आहे. टॉवरच्या पायथ्याशी उभे राहून उडवू नये. दोन-तीन वावरे सोडून, टॉवर पाठीमागे राहील अशी जागा घ्यावी आणि उडवण्याआधी तिथेच अंतराची चाचणी करून पाहावी. ती कशी करायची ते शेवटच्या उत्तरात दिले आहे.

प्रश्न : रोही (नीलगायी) आणि रानडुकरे तुरीत शिरतात. स्वस्त रेडिओ आणि विमान घेऊन त्यांना हाकलता येईल का? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. एका बॅटरीवर असे विमान फार तर दहा-पंधरा मिनिटे उडते आणि रोही-डुकरे येतात रात्री, जेव्हा विमान आपल्यालाच दिसत नाही. चार दिवसांत जनावरे आवाजाला सरावतात. दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, फिरत्या प्रोपेलरने एखाद्याला इजा झाली तर वनखात्याचे प्रकरण मागे लागेल. हे पैसे कुंपणाकडे वळवावेत आणि नुकसान झाले असेल तर भरपाईचा अर्ज वनखात्याकडे वेळेत करावा.

प्रश्न : मी अंजनगाव सुर्जीचा (जि. अमरावती). आय६ आणि आयए६बी घेतला. पहिली काही उड्डाणे चांगली झाली, मग एकदा विमान वळणावर असताना दांडीला जुमानेनासे झाले आणि सरळ तुरीत शिरले. पडल्यावरही मोटार फिरत होती, प्रोपेलर तुटला तेव्हा आवाज थांबला. दुकानदार म्हणतो रिसीव्हर गेला, नवा घ्या. खरेच तसे आहे का?

उत्तर : दादा, नवा रिसीव्हर घेण्याची घाई करू नका. तीन गोष्टी तपासायच्या आहेत आणि तिन्ही प्रोपेलर काढून ठेवूनच तपासायच्या आहेत.

मोटार फिरत राहिली, हे आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. संपर्क तुटला असेल तर फेलसेफने (संपर्क तुटताच ठरवलेली स्थिती लावणाऱ्या सोयीने) थ्रॉटल बंद व्हायला हवा होता. तो आय६ मध्ये आपल्याला लावावा लागतो : सिस्टिमच्या मेनूत रिसीव्हर सेटअपमध्ये फेलसेफ उघडावे, तिसरा चॅनेल निवडून चालू करावा, थ्रॉटलची दांडी तळाशी धरावी आणि ‘कॅन्सल’ दाबून धरून जपून ठेवावे. आता चाचणी. इथे आय६ ची एक खोड आड येते, ती अशी की रिसीव्हर चालू असेपर्यंत हा ट्रान्समीटर बंदच होत नाही, आधी रिसीव्हर बंद करा असे पडद्यावर दाखवतो. म्हणून बटणांनी बंद करण्याऐवजी मोटार हळू फिरत असताना ट्रान्समीटरचा एक सेल सरळ काढावा. मोटार थांबली तर फेलसेफ लागला. ही चाचणी प्रत्येक नव्या विमानावर आणि प्रत्येक वेळी नव्याने बाइंड केल्यावर करावी.

दुसरा संशय विजेचा आहे आणि माझ्या मते दोष तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे. रिसीव्हर आणि सर्वो यांना पाच व्होल्टची वीज ईएससीतल्या बीईसीकडून (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून देणाऱ्या भागाकडून) मिळते. स्वस्त ३० अँपियरच्या ईएससीत ही बीईसी रेषीय प्रकारची असते. तीन सेलच्या बॅटरीवर तिला बारा व्होल्टचे पाच करताना बाकीचे उष्णतेत घालवावे लागते, आणि चार सर्वो एकदम जोराने फिरले की ती दमते. व्होल्टेज क्षणभर खाली जाते, रिसीव्हर झोपतो आणि पुन्हा उठेपर्यंत विमान आपल्या मनाने जाते. वळणावर, म्हणजे एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर एकाच वेळी हलत असताना हे घडले, ही गोष्ट याला जुळते. तपासणे सोपे आहे : आयए६बी आपले व्होल्टेज आय६ च्या पडद्यावर पाठवतो. दोन्ही दांड्या एक-दोन मिनिटे जोरात गोल फिरवत राहा आणि मित्राला तो आकडा पाहायला सांगा. तो पाचच्या आसपास स्थिर राहायला हवा. साडेचारच्या खाली डुबकी मारत असेल, तर रिसीव्हर बदलून काहीही होणार नाही. स्विचिंग प्रकारची (कमी तापणारी) वेगळी यूबीईसी, म्हणजे ईएससीबाहेरची बीईसी, लावावी आणि मग ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली लाल तार काढून टेपने झाकावी, म्हणजे दोन्हीकडून वीज येणार नाही. अडकून चालणारा एखादा सर्वोही एकटाच बरीच वीज खातो. घळघळ आवाज करणारा सर्वो असेल तर तो आधी बदला.

तिसरी गोष्ट अँटेनाची. रिसीव्हरच्या दोन बारीक तारा एकमेकींशी काटकोनात, बॅटरी आणि ईएससीपासून दूर असाव्यात. नीटनेटके दिसावे म्हणून त्या गुंडाळून बॅटरीखाली दाबलेल्या मी पुष्कळ विमानांत पाहिल्या आहेत. ट्रान्समीटरच्या अँटेनेचे टोक विमानाकडे रोखू नये, टोकाच्या दिशेला लहरी सर्वांत कमी जातात. ती आडवी किंवा उभी ठेवावी.

हे सगळे झाल्यावर अंतराची चाचणी. विमान मित्राच्या हातात, छातीच्या उंचीवर. जमिनीवर ठेवू नका, कारण तिथे संकेत फार लवकर क्षीण होतो. ओली, डोक्याएवढी तूर मध्ये येऊ देऊ नका, पाण्याने भरलेला पाला २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पिऊन टाकतो. आपण दांडी सतत हलवत दूर चालत जायचे आणि मित्राने सर्वो कुठे थबकतो ते पाहायचे, शिवाय विमान सर्व बाजूंनी फिरवून दाखवायचे. मोकळ्या पांदणीवर दीडशे-दोनशे पावलांपर्यंत एकही थबक दिसू नये. व्होल्टेज स्थिर, अँटेना मोकळ्या आणि तरीही पन्नास पावलांवर सर्वो अडखळत असतील, तर त्याच ट्रान्समीटरला ओळखीच्या कोणाचा दुसरा आयए६बी बाइंड करून हीच चाचणी पुन्हा करा. तो नीट चालला तरच दुकानदाराचे म्हणणे खरे, आणि मग पावती घेऊन त्याच्याकडे बदलून मागायला जा.